करवतीचे दात मोजण्याआधी ते कसे घासलेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे दोन करवती आहेत. एक नवी, इंचाला ११ दातांची, दातांची टोकं काळपट निळी. दुसरी जुनी, मोठ्या दातांची, इंचाला जेमतेम ५. नवीने फळी आडवी कापली की कड स्वच्छ येते. पण तिनेच ४० मिमी जाडीची मीटरभर लांब फळी उभी चिरायला घेतलीत तेव्हा हात भरून आले, पातं तापलं आणि काप रेषा सोडून डावीकडे गेला. जुनीने उभा काप भराभर झाला, पण आडवं कापताना फळीची खालची कड उचकटून निघाली. तुम्ही विचारता, जास्त दात म्हणजे चांगली करवत, मग असं का? आणि ओढून कापायची जपानी करवत घेतली तर दोन्ही अडचणी सुटतील का?

वर्णनावरून तुमच्या दोन्ही करवती ठीक असाव्यात. फक्त एकीचं काम दुसरीला दिलं गेलं. काप कसा येणार हे आधी ठरतं ते दाताचा आकार लाकडाच्या तंतूंना कसा भिडतो यावर. इंचाला दात किती, हा त्याच्या नंतरचा प्रश्न. दुकानात मात्र नेमका तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि दाताची घडण कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड म्हणजे काड्यांची घट्ट बांधलेली पेंढी समजा. काडीपासून काडी सुटी करायला फार जोर लागत नाही, पण काडी मधोमध तोडायची तर धारच हवी. कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा फुटतो, आडवा कधी फुटत नाही, ते यामुळेच. आता करवतीने केलेल्या खाचेच्या तळाशी काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. फळी उभी चिरताना खाचेच्या तळाशी तंतूंची टोकं असतात, ब्रशच्या केसांसारखी तुमच्याकडे तोंड करून उभी. आडवी कापताना तेच तंतू खाचेवरून आडवे पसरलेले असतात, नाल्यावर टाकलेल्या ओंडक्यांसारखे, दोन्ही टोकं दोन्ही भिंतींत रुतलेली. ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की एकच दात दोन्हीकडे सारखा चालेल ही अपेक्षाच चुकीची.

उभ्या कापाच्या करवतीचा दात म्हणजे छोटीशी पटाशी. कानस पात्याला काटकोनात धरून तो घासलेला असतो, म्हणून त्याच्या टोकाला पात्याच्या पूर्ण जाडीएवढी सरळ, आडवी धार येते. दाताची पुढची बाजू जवळजवळ उभी असते, फार तर ५ ते ८ अंश मागे झुकलेली. हा दात तंतूंची टोकं तासत जातो, आणि तासलेला तुकडा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांपासून आपोआप सुटतो, कारण त्या दिशेने लाकूड कमजोरच असतं. बाजूच्या भिंती वेगळ्या कापाव्या लागत नाहीत. चांगल्या धारेच्या अशा करवतीखालचा भुसा चिमटीत घेऊन बघा. पीठ नसतं ते, रंध्याच्या अगदी बारीक छिलक्यांसारखे सुटे कण असतात.

हीच पटाशी आडव्या तंतूंवर चालवली तर ती तंतूला मधे पकडते आणि वर उचलायला बघते. तंतूची टोकं भिंतींत घट्ट असतात, त्यामुळे तो तुटण्याआधी ओढला जातो आणि भिंतीतून उपटून निघतो. फळीच्या खालच्या बाजूला त्याला मागून आधार देणारं काहीच नसतं, म्हणून तिथे ढलप्याच निघतात. तुमच्या जुन्या करवतीने हेच केलं. यात तिच्या धारेचा दोष नाही. उलट धार चांगली आहे म्हणूनच तिने तंतू पकडले.

आडव्या कापाचा दात म्हणजे सुरी. तो घासताना कानस तिरपी धरतात, काटकोनापासून साधारण १५ ते २५ अंश. एका दाताचा उतार डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे. त्यामुळे प्रत्येक दाताचं टोक पात्याच्या बाहेरच्या कडेला येतं. पुढची बाजूही जास्त झुकलेली असते, १२ ते २० अंश, म्हणजे दात तंतूवर आदळत नाही, त्याच्यावरून घसरत घसरत कापतो. एका रांगेतले दात खाचेची डावी भिंत आखतात, दुसऱ्या रांगेतले उजवी. दोन्हीकडून तोडलेला मधला आखूड तुकडा मग भुगा होऊन पडतो.

जंगलात दोन माणसांनी चालवायच्या लांब करवतींवर हे काम सरळ वाटून दिलेलं दिसतं. त्यांच्यावर कापणारे टोकदार दात वेगळे आणि भुसा खरवडून काढणारे दात वेगळे. खरवडणारे दात कापणाऱ्यांपेक्षा किंचित बुटके ठेवतात. तंतू आधी दोन्ही बाजूंनी कापला जायला हवा, तो उचलायचा नंतर. बुटकेपणातला हा फरक केसाएवढा असतो, पण तो साधला नाही तर करवत एक तर अडखळते, नाही तर नुसती घसरते. हातकरवतीच्या लहान दातांत ही दोन्ही कामं एकाच आकारात बसवलेली असतात.

तुमची जुनी करवत कोणत्या जातीची आहे ते अर्ध्या मिनिटात कळेल. ती दात वर करून धरा, एक डोळा मिटा आणि मुठीकडून शेंड्याकडे दातांच्या ओळीवरून नजर टाका. आडव्या कापाची असेल तर टोकांच्या दोन रांगा दिसतील आणि त्यांच्यामध्ये लांबच लांब पन्हळ. जुन्या पद्धतीची परीक्षा अशी, की या पन्हळीत शिवणाची सुई ठेवायची आणि करवत किंचित तिरकी करायची. दात नीट घासलेले आणि एका उंचीचे असतील तर सुई न पडता या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाते. उभ्या कापाच्या करवतीवर पन्हळ नसते, लहान लहान सपाट धारा दिसतात. एखाद्या दाताच्या टोकावर पांढरा ठिपका चमकला तर तो दात बोथट झाला असं समजा. धारेला पृष्ठभागच उरलेला नसतो, म्हणून ती चमकत नाही. बोथट टोक चमकतं.

आता नवी करवत. काळपट निळ्या टोकांच्या बहुतेक करवतींचे दात तीन बाजूंनी टोकदार घासलेले असतात, मुख्यतः आडव्या कापासाठी. 'दोन्ही कापांना चालते' असं वर लिहिलेलं असलं तरी उभ्या कापात ती फक्त निभावून नेते. तंतूंच्या टोकांवर सुरी चालवली की ती टोकांच्या फटीत घुसते आणि ओरखडे काढते. तासायला आडवी धार तिच्याकडे नाहीच. म्हणून प्रत्येक फेरीला काप जेमतेम पुढे सरकतो.

पण तुमचे हात भरून येण्याचं मोठं कारण मला वेगळं वाटतं, आणि तिथे दातांची संख्या खरोखर आड येते. दोन दातांमधली खळगी ही भुशाची टोपली आहे. दात लाकडात शिरल्यापासून पलीकडे बाहेर पडेपर्यंत जेवढा भुसा निघतो, तो सगळा त्या एका टोपलीत मावायला हवा, कारण मधे ती रिकामी करायला जागा नाही. ४० मिमी जाडीची फळी चिरताना करवत साधारण ६० अंशांत धरली, तर दाताला लाकडातून सुमारे ४६ मिमी चालावं लागतं. करवत आडवी पडत गेली, म्हणजे कोन ३० अंशांवर आला, तर तेच अंतर ८० मिमी होतं. आणि हात थकला की करवत आडवी पडतेच.

थोडा हिशेब करू. दात ६० अंशांचे धरले तर इंचाला ५ दात असताना एका खळगीचं क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मिमी येतं. इंचाला १० दात केले तर ते निम्मं होत नाही, पाव होतं, २.८ चौरस मिमी, कारण रुंदी आणि खोली दोन्ही निम्म्या होतात. आता समजा प्रत्येक दात ०.०३ मिमी जाडीचा थर काढतो आणि १०० मिमी लाकडातून जातो. म्हणजे ३ चौरस मिमी घट्ट लाकूड निघालं. सुटा झालेला भुसा फुगतो, तो दुप्पट धरला तर ६. मोठ्या दाताच्या टोपलीत तो निम्म्या जागेत मावतो. बारीक दाताची टोपली निम्म्या वाटेवरच शिगोशीग भरते. त्यापुढे दात लाकडाला टेकतच नाही. तो स्वतःच्याच भुशावरून घसरतो, भुसा बाजूच्या फटीत दाबला जातो, आणि तुम्ही जोर वाढवला की वाढतं ते फक्त घर्षण. पातं तापलं ते इथे.

म्हणून जाड लाकूड, लांब काप, ओलं किंवा चिकाचं लाकूड असेल तर मोठे दात. पातळ फळी, बारीक जोड, स्वच्छ कड हवी असेल तर लहान दात. उभ्या कापाला इंचाला ४ ते ७, आडव्याला ८ ते १२, डव्हटेलसारख्या नाजूक जोडाला १४ ते २०, हे आकडे जगभरच्या सुतारकामात थोड्याफार फरकाने तेच आहेत. खालची मर्यादा लाकडाच्या जाडीने ठरते. एका वेळी निदान तीन-चार दात लाकडात असायला हवेत. ६ मिमी प्लायवूडवर इंचाला ५ दातांची करवत चालवलीत तर लाकडात एकच दात असेल, आणि तो कड पकडून हिसका देईल. काही कंपन्या दात मोजत नाहीत, टोकं मोजतात. इंचाच्या दोन्ही टोकांची टोकं धरली की आकडा एकाने जास्त येतो, म्हणून ८ टोकांची आणि ७ दातांची करवत एकच.

आता काप डावीकडे का गेला? करवतीच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त दोष स्वतःला देतात तो इथे, आणि पुष्कळदा दोष करवतीचा असतो.

दात सरळ ठेवले तर खाच पात्याएवढीच रुंद होईल आणि पातं तिच्यात आवळलं जाईल. म्हणून एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे असं किंचित वाकवतात. याला सेट देणं म्हणतात. वाकवायचा तो फक्त दाताचा वरचा भाग, निम्म्याहून कमी. मुळापासून वाकवला तर दात तुटतो, किंवा पात्याला चीर जाते. ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की ओलं लाकूड भुशाने दातांच्या खळग्या भरून टाकतं, म्हणून दात आळीपाळीने दोन बाजूंना कललेले ठेवतात. सुक्या, कठीण लाकडाला थोडा सेट पुरतो, ओल्या मऊ लाकडाला जास्त लागतो, कारण त्याचे तंतू दाबले जाऊन पुन्हा फुगतात आणि पातं पकडतात.

सेट किती, याला माझं उत्तर नेहमी एकच असतं: पातं अडकणार नाही इतका, त्याहून केसभरही जास्त नको. जास्त सेट म्हणजे रुंद खाच, आणि रुंद खाच म्हणजे तेवढं जास्त लाकूड तुमच्या हातांनी भुसा करणं. २५ मिमी जाडीच्या फळीत मीटरभर काप घेताना खाच १.५ मिमी असेल तर ३७.५ घन सेंटीमीटर लाकडाचा भुसा होतो. खाच ०.६ मिमी असेल तर १५. शिवाय रुंद खाचेत पातं सैल हलतं, त्याला दिशा दाखवायला भिंतच जवळ नसते.

दोन्ही बाजूंचा सेट सारखा नसेल तर करवत जास्त सेट असलेल्या बाजूला वळते. त्या बाजूला खाच जास्त मोकळी होते आणि पातं मोकळ्या जागेकडे सरकतं. एका बाजूचे दात जास्त धारदार असतील तरी तेच होतं. मी शिकत होतो तेव्हा माझी एक करवत कायम उजवीकडे जायची. मी उभं राहण्याची पद्धत बदलली, कोपर अंगाशी ठेवलं, बोट पात्याच्या दिशेने रोखून धरलं, तासन् तास रद्दी फळ्या कापल्या. काप सरळ आला की तो मी करवत डावीकडे दाबून धरली म्हणून आलेला असायचा, आणि संध्याकाळी मनगट ठणकायचं. एकदा सहज दातांच्या बाजूवरून अंगठा हलकेच मागे ओढला, मुठीकडून शेंड्याकडे. डावी बाजू गुळगुळीत लागली आणि उजवी बाजू खरखरीत. सगळे दात एकाच बाजूने घासल्यामुळे कानशीची कंगोर, म्हणजे घासताना कडेला वळलेली धातूची बारीक किनार, उजवीकडे उभी राहिली होती. करवत बाकावर आडवी ठेवली, बारीक तेलदगड त्या बाजूच्या दातांवर सपाट टेकवला आणि एकदाच, वजन न देता, मुठीपासून शेंड्यापर्यंत फिरवला. पुढचा काप रेषेवरून गेला. हात तोच, उभं राहणंही तेच.

तुमच्या बाबतीत आधी करवत दोषी की हात, ते ठरवा. एका फळीवर रेषा आखा, करवत सैल धरून, वळवायचा प्रयत्न न करता कापा आणि ती कुठे जाते ते बघा. मग दुसऱ्या हातात करवत घेऊन तसंच करा. दोन्ही वेळा ती पात्याच्या त्याच बाजूला गेली तर दोष सेटमध्ये आहे. बाजू बदलली तर उभं राहण्यात किंवा कोपरात. तिसरी शक्यता तुमच्या करवतीबाबत मला खरी वाटते. टोकदार दात उभ्या कापात तंतूंच्या फटीत घुसतो आणि तंतू जिकडे वळेल तिकडे जातो. फळीवरच्या तंतूंच्या रेषा तुमच्या आखलेल्या रेषेशी समांतर होत्या का, ते त्या फळीच्या उरलेल्या तुकड्यावर बघा. त्या डावीकडे कललेल्या दिसल्या तर उत्तर मिळालं. पटाशीसारखा दात हे करत नाही, त्याची धार तंतूंच्या टोकांवरून सरळ जाते.

पात्याबद्दलही सांगायला हवं, कारण दात पात्याला धरूनच सरळ चालतात. चांगल्या हातकरवतीचं पातं सगळीकडे एका जाडीचं नसतं. दातांच्या बाजूला जाड, पाठीकडे आणि शेंड्याकडे पातळ असं ते घासलेलं असतं. खाच दातांच्या जाडीने पडते आणि मागचं पातळ पातं तिच्यात मोकळं फिरतं, म्हणून सेट कमी ठेवता येतो. जुन्या करवती सोप्या चालतात असं जे म्हणतात त्यात यामुळे तथ्य आहे. आजच्या स्वस्त करवतींचं पातं सपाट पत्र्यातून कापलेलं असतं, आणि ती उणीव मोठ्या सेटने भरून काढतात. तुमची जुनी करवत कशी आहे ते कॅलिपरने मोजून बघा, दातांच्या थोडं वर आणि पाठीजवळ. काही जुन्या करवतींच्या दातांची ओळही सरळ नसते, मधे किंचित फुगीर असते. त्यामुळे एका वेळी कमी दात लाकडाला टेकतात आणि तेवढाच जोर त्यांच्यावर एकवटतो. ती ओळ सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

टेनन आणि डव्हटेल या जोडांसाठीच्या आखूड करवतींना पाठीवर पितळेची किंवा पोलादाची जाड पट्टी असते. पातळ पातं ढकलताना दुमडू नये म्हणून ती दिलेली असते. तिच्या वजनामुळे वेगळा दाबही द्यावा लागत नाही. पण पट्टी खाचेत शिरत नाही, त्यामुळे कापाची खोली पात्याच्या रुंदीएवढीच.

दुमडण्याच्या या गोष्टीतच जपानी करवतीचं उत्तर आहे. कागदाची पट्टी टोकाला धरून ढकला, ती वाकेल. ओढा, ती ताठ होईल. ढकलून कापायची करवत स्वतःच्या जाडीवरच ताठ राहते, आणि पातं वाकायला किती विरोध करतं हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं. ०.९ मिमी पात्याच्या जागी ०.३ मिमी घेतलं तर जाडी एक तृतीयांश, पण ताठपणा २७ पटींनी कमी. असं पातं ढकललं तर पहिल्याच फेरीत घडी पडेल. ओढताना मात्र ते ताणलं जातं, त्याला ताठ राहायला जाडी लागतच नाही. म्हणून दोझुकीचं, म्हणजे पाठीवर पट्टी असलेल्या, बारीक जोडांच्या जपानी करवतीचं पातं ०.३ मिमीच्या आसपास असू शकतं आणि खाच अर्ध्या मिमीच्या आत-बाहेर पडते. प्राचीन इजिप्तमधल्या तांब्याच्या करवतीही ओढूनच चालवत, कारण तांबं मऊ, ढकललं तर वाकणार. चौकटीत ताणून बसवलेल्या पात्याच्या करवतीही हेच साधतात, त्यात ताण हाताऐवजी चौकट देते.

जपानी दात उंच, अरुंद असतात. आडव्या कापाच्या दाताला टोकावर तिसरा छोटा उतार असतो, आणि त्यामुळे काप रंधा मारल्यासारखा येतो. पण तुमचा मूळ प्रश्न तिने आपोआप सुटत नाही. जपानी करवतींतही उभ्या आणि आडव्या कापाचे दात वेगळेच असतात. र्योबा या करवतीला दोन्ही कडांना दात असतात, एका कडेला उभ्या कापाचे, दुसऱ्या कडेला आडव्याचे. एकच करवत घ्यायची असेल तर मी ती सुचवेन. मात्र ४० मिमी जाड, मीटरभर लांब काप वरचेवर घ्यायचे असतील तर मी तुमची जुनी मोठ्या दातांचीच उचलेन. ढकलताना खांद्याचा आणि अंगाच्या वजनाचा उपयोग होतो, भुसा रेषेपासून लांब खाली पडतो, आणि जाड दात गाठीवर आपटला तरी टिकतो. ओढताना भुसा तुमच्याकडे येऊन रेषा झाकतो, आणि पातं खाचेत पिळलं गेलं तर उंच कडक दात कटकन तुटतात.

कडकपणाचं गणितही असंच आहे. कानशीने घासता येणाऱ्या जुन्या करवतींचं पोलाद रॉकवेल मापात ५० च्या जवळपास असतं. दात वाकवता यावा इतकं मऊ आणि धार टिकावी इतकं कडक, असा तो मधला मार्ग. काळपट निळ्या टोकांचे दात क्षणभर झटक्याने तापवून कडक केलेले असतात, त्यांचा कडकपणा कानशीच्या बरोबरीला जातो. ते फार दिवस धारदार राहतात, पण बोथट झाले की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते आणि तिचेच दात जातात. सेट बदलायला गेलात तर दात वाकत नाही, तुटतो. म्हणून नवी करवत आहे तशीच वापरा. प्लायवूड, चिपबोर्ड यांच्यातला सरस दातांची धार खातो आणि सागवानातली सिलिका तेच करते. असल्या कामाला ती काढा आणि जुनी वाचवा.

जुनीसाठी तीनधारी कानस घ्या, दाताच्या उंचीच्या दुप्पट रुंद बाजूची. सपाट कानस सगळ्या टोकांवरून एकदा हलकी फिरवा म्हणजे उंची एक होईल आणि प्रत्येक टोकावर तो पांढरा ठिपका येईल. मग पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये, दातांच्या अगदी खाली, शिकंज्यात घट्ट धरा. पातं किंचाळलं तर आणखी खाली धरा, कारण थरथरणाऱ्या पात्यावर कानस खरं घासत नाही. प्रत्येक खळगीत सारख्याच फेऱ्या, काटकोनात, आणि ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी थांबायचं. ठिपका गेल्यावर मारलेली एक जादा फेरी त्या दाताला बुटका करते आणि पुढच्या दाताला दुप्पट काम लावते.

कठीण लाकूड जास्त कापत असाल तर पुढची बाजू पूर्ण उभी न ठेवता ५ अंश मागे झुकवा. मी स्वतः शेंड्याकडच्या पहिल्या दोन-अडीच इंचांत ती आणखी, १२ अंशांपर्यंत झुकवतो. काप सुरू करताना तेच दात आधी टेकतात, आणि उभे दात तिथे असले की करवत उडी मारते.

मग फळीचा तुकडा धरा, अंगठ्याचं पेर पात्याला टेकवा, दोनदा करवत मागे ओढून खाच पाडा, आणि ६० अंशांत लांब, सावकाश फेऱ्या सुरू करा. खाच मागून मिटायला लागली तर तिच्यात पातळ पाचर ठोका, कारण फळीतला आतला ताण सुटून दोन्ही भाग जवळ येतात आणि कितीही चांगला सेट असला तरी पातं आवळलं जातं. पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्तीचं मेण घासून ठेवा.